टाटा मेमोरियल, परळ : स्तनाच्या कॅन्सरची ओपीडी, ब्लाऊज शिवणाऱ्या बाईचा अनुभव

परळच्या टाटा हॉस्पिटलबद्दल विचारलं की लोक दोनच गोष्टी सांगतात : गर्दी फार आणि डॉक्टर चांगले. दोन्ही खरं आहे. पण जिच्या छातीत नुकतीच गाठ निघाली आहे, तिला एवढ्यावर काही ठरवता येत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहिते. मी कराडजवळ राहते, घरीच ब्लाऊज शिवते, आणि उजव्या स्तनाच्या सुरुवातीच्या टप्प्यातल्या कॅन्सरचे उपचार टाटात घेतले. सुरुवातीचा टप्पा म्हणजे गाठ स्तनातच आहे, फार तर काखेतल्या एकदोन गाठींपर्यंत (या म्हणजे लसिका ग्रंथी, त्या प्रत्येकीच्या काखेत असतातच) गेली आहे, हाडं, फुप्फुसं, यकृत यांत काही नाही. ज्यांचा आजार तिथवर गेला आहे त्यांचे उपचार वेगळ्या वाटेने जातात, त्यांना माझ्या लिहिण्याचा फारसा उपयोग होणार नाही.

माझं मत आधीच सांगते. टाटात मला सगळ्यात मोलाचं मिळालं ते म्हणजे निवड. आणि ती निवड करताना मी पोटापाण्यासाठी काय करते, हे त्यांनी विचारात घेतलं. आधी जिथे गेले होते तिथे यातलं काहीच नव्हतं.

गाठ आंघोळ करताना हाताला लागली. वरच्या बाजूला, काखेकडे. दुखत नव्हती, आणि दुखत नाही म्हणून ती साधी असेल असं घरात सगळ्यांनाच वाटत होतं. आमच्या भागातल्या एका हॉस्पिटलात सोनोग्राफी आणि मॅमोग्राफी झाली, सुईने तुकडा घेतला. तुकडा घेऊ नका, सुई लागली की पसरतो, असं माझ्या नणंदेने बजावलं होतं. तिचा दोष नाही, आमच्याकडे निम्म्या बायका हेच मानतात. पण सुईच्या तपासणीने कॅन्सर पसरत नाही, आणि ती न करता थेट गाठ कापून काढली तर पुढचं सगळं गणित बिघडू शकतं. रिपोर्ट आला त्याच दिवशी तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, परवा ॲडमिट व्हा, स्तन आणि काख पूर्ण साफ करून टाकू. दुसरा काही मार्ग आहे का, असं आमच्या ह्यांनी विचारलं तर उत्तर मिळालं, "जीव महत्त्वाचा की शरीर?" त्या रिपोर्टात कॅन्सर आहे एवढंच लिहिलं होतं. तो कोणत्या जातीचा, हार्मोनवर वाढणारा आहे का, यातलं काहीही तपासलेलं नव्हतं.

माझी एक गिऱ्हाईक नर्स आहे. ती त्या संध्याकाळी ब्लाऊज न्यायला आली होती, तिने रिपोर्ट वाचला आणि म्हणाली, "काकू, ही काही अपेंडिक्स फुटल्यासारखी घाई नाही. स्लाइड आणि ब्लॉक मागून घ्या आणि टाटाला जा. आठ-पंधरा दिवसांनी काही बिघडत नाही." तिचं ऐकलं.

स्लाइड म्हणजे सुईने घेतलेल्या तुकड्याचा पातळ काप लावलेली काच. ब्लॉक म्हणजे काय ते मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. बोटाच्या दोन पेरांएवढी प्लॅस्टिकची छोटी चौकट, तिच्यात पांढरं मेण, आणि मेणात दोऱ्याच्या तुकड्यासारख्या दोनतीन करड्या रेघा. त्या रेघा म्हणजे माझी गाठ. ती चौकट हाताळताना काय वाटलं ते लिहिता येत नाही, पण ती सोबत असल्यामुळे परत सुई टोचून घ्यावी लागली नाही. बाहेरून आलेल्या पेशंटच्या स्लाइड आणि ब्लॉक टाटातले पॅथॉलॉजिस्ट स्वतः पुन्हा बघतात. तुमच्याकडच्या लॅबमधून ते हक्काने मागा, नुसता कागदी रिपोर्ट घेऊन जाऊ नका.

आता टाटात काय होतं ते. आधी नोंदणी, त्यात जनरल की प्रायव्हेट हे विचारतात. जनरलमध्ये खर्च खूप कमी, प्रायव्हेटमध्ये जास्त. ऑपरेशन कोणतं करायचं हे त्यावरून ठरत नाही. फाईलचा नंबर मिळतो आणि एक कार्ड मिळतं. त्या कार्डात पैसे भरायचे आणि पुढे प्रत्येक काउंटरला तेच पुढे करायचं, रोख बाळगत फिरावं लागत नाही. दिवस पूर्ण मोकळा ठेवूनच जा. देशभरातून माणसं आलेली असतात, बंगाली, भोजपुरी, आसामी सगळं कानावर पडतं. डबा, पाण्याची बाटली आणि सोबत एक माणूस पाहिजेच, कारण एकाने रांगेत थांबायचं आणि दुसऱ्याने ब्लॉक जमा करायला जायचं, अशी कामं एकाच वेळी निघतात. हॉस्पिटल १९४१ साली टाटांच्या ट्रस्टने उभं केलं आणि १९६२ पासून ते केंद्राच्या अणुऊर्जा विभागाकडे आहे. म्हणजे ते सरकारी आहे, हे आमच्याकडे अजून पुष्कळांना माहीत नाही. नावात टाटा आहे म्हणून महाग असेल असं समजून लोक दुसरीकडे कर्ज काढतात.

स्तनाच्या ओपीडीत पहिल्यांदा एका तरुण डॉक्टर मुलीने तपासलं. दोन्ही बाजू, दोन्ही काखा, गळ्याच्या वरचा भाग, सगळं हाताने, सावकाश. मग फाईलमध्ये लिहिता लिहिता तिने विचारलं, "मावशी, तुम्ही काम काय करता?" मी सांगितलं ब्लाऊज शिवते. "कापड उजव्या हातानेच कापता ना?" हो म्हटलं. तिने ते फाईलवर लिहून घेतलं. एवढ्या गर्दीत ते कुणी लिहून घेईल अशी माझी अपेक्षाच नव्हती.

त्यांच्या तपासणीत कळलं की माझा कॅन्सर हार्मोनवर वाढणारा आहे, म्हणजे ईआर आणि पीआर (इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या हार्मोनना पकडणारे पेशीतले रिसेप्टर) पॉझिटिव्ह, आणि हर-टू (पेशीवरचं एक प्रथिन) निगेटिव्ह. हे तीन शब्द प्रत्येकीने पाठ करावेत, कारण पुढची सगळी औषधं यावर ठरतात. हार्मोन पॉझिटिव्ह असेल तर रोजची गोळी उपयोगी पडते. हर-टू पॉझिटिव्ह असेल तर ट्रास्टुझुमॅब नावाचं इंजेक्शन साधारण वर्षभर देतात. ते पूर्वी सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर होतं, पण २०१४ पासून आपल्याकडे बनलेलं मिळू लागलं आणि किंमत उतरली. तिन्ही निगेटिव्ह असेल तर केमोवर भर असतो, आणि गाठ मोठी असेल तर केमो बहुधा ऑपरेशनच्या आधीच सुरू करतात.

मग जॉइंट क्लिनिक. हा भाग मला सगळ्यात आवडला. ऑपरेशनचे, केमोचे आणि रेडिएशनचे डॉक्टर एकत्र बसून फाईल बघतात आणि ठरवतात. नाहीतर बाहेर कापणारा म्हणतो कापू, औषधवाला म्हणतो औषध देऊ, आणि आपण दोघांच्या मध्ये फिरत राहतो. माझी गाठ सव्वादोन सेंटिमीटरच्या आसपास, काखेत हाताला काही लागत नव्हतं. तिथल्या सर्जन मॅडमनी मला आणि ह्यांना समोर बसवून सांगितलं की दोन पर्याय आहेत आणि दोन्हींत आयुष्य सारखंच आहे. एक, फक्त गाठ आणि भोवतीचा थोडा चांगला भाग काढायचा, स्तन ठेवायचा आणि नंतर रेडिएशन घ्यायचं. दोन, पूर्ण स्तन काढायचा.

सारखंच कसं, हे मी विचारलं. आमच्या सासूबाई घरून निघताना म्हणाल्या होत्या, सगळंच काढून ये, म्हणजे घोर नको. मॅडमनी कंटाळा न करता सांगितलं. इटलीत मिलानला आणि अमेरिकेत असे दोन मोठे अभ्यास झाले, बायकांचे गट करून काहींचा पूर्ण स्तन काढला आणि काहींचा राखला, आणि वीस वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. २००२ साली दोन्हींचे निकाल छापून आले आणि दोन्हींत जगण्यात फरक निघाला नाही. पण रेडिएशन टाळता येत नाही, हे त्यांनी तितक्याच ठामपणे सांगितलं. अमेरिकेच्या त्या अभ्यासात स्तन राखून रेडिएशन न घेतलेल्या बायकांपैकी ३९ टक्क्यांना वीस वर्षांत त्याच बाजूला गाठ परत आली, रेडिएशन घेतलेल्यांत हे प्रमाण १४ टक्के होतं. आताची औषधं आणि तपासण्या तेव्हापेक्षा चांगल्या आहेत, त्यामुळे आजचे आकडे त्याहून कमी असतात, असंही म्हणाल्या.

प्रत्येकीला स्तन राखता येतोच असं नाही. स्तनात वेगवेगळ्या ठिकाणी गाठी असतील, मॅमोग्राफीत कॅन्सरचा संशय येईल असे चुन्याचे बारीक कण सगळीकडे पसरलेले दिसत असतील, त्या बाजूला आधी रेडिएशन झालेलं असेल, किंवा स्तनाच्या मानाने गाठ फार मोठी असेल तर पूर्ण काढणंच बरं पडतं. आणि कुणाला रेडिएशनसाठी येणं शक्य नसेल किंवा मनातून पूर्णच काढून हवं असेल, तर तीही निवड चुकीची नाही. मला तिथे कुणी एका बाजूला ढकललं नाही.

पण माझा खरा प्रश्न स्तनाचा नव्हताच. तो काखेचा होता. कापड कापताना उजवा हात खांद्यातून फिरतो, मशीनवर तोच हात कापड ओढतो, आणि दिवाळी-लग्नसराईत हे दिवसभर चालतं. आमच्या गल्लीतल्या एका मावशींचा हात ऑपरेशननंतर सुजून मांडीएवढा झालेला मी पाहिला होता. त्यांना माझ्याकडून ब्लाऊज शिवताना एक बाही दुसरीपेक्षा दोन इंच रुंद घ्यावी लागायची. काखेतल्या सगळ्या गाठी काढल्या की हातातलं पाणी वर चढायची वाट अडते, त्यातून ती सूज येते. म्हणून मी विचारलं की काख पूर्ण साफ न करता भागेल का.

मॅडमनी कागदावर काखेचं चित्र काढलं. काखेत आडवा जाणारा एक मज्जातंतू असतो, त्याच्या खालच्या भागातल्या गाठींमध्ये कॅन्सर सहसा आधी जातो. तेवढाच भाग काढायचा, पेशंट भुलीत असतानाच त्या गाठी लॅबला पाठवायच्या, आणि त्या स्वच्छ निघाल्या तर वरच्या भागाला हात लावायचा नाही. ही पद्धत टाटातल्याच डॉक्टरांनी अभ्यास करून बसवलेली आहे. इतर ठिकाणी निळा रंग किंवा किरणोत्सर्गी द्रव्य टोचून पहिली गाठ शोधतात, त्याला सेंटिनेल नोड बायोप्सी म्हणतात, हेतू तोच. दोन्हींचा फायदा एकच, काखेत काही नसताना हात बरबाद होत नाही. गाठीत काही निघालं तर पूर्ण काख साफ करण्याची तयारी ठेवा, हेही त्यांनी आधीच सांगून ठेवलं. मी ठरवलं : स्तन राखायचा, काखेचा खालचा भाग, आणि रेडिएशन.

ऑपरेशनआधी गाठीभोवती लिग्नोकेनचं, म्हणजे दातवाले देतात तसल्या भुलीचं, इंजेक्शन देणार असल्याचं सांगितलं. पूर्ण भूल देणारच असताना हे कशाला, असं ह्यांनी विचारलं. टाटाने ११ केंद्रांवर १६०० बायकांमध्ये हे करून पाहिलं आहे. शस्त्र लावण्याच्या सातदहा मिनिटं आधी गाठीच्या सगळ्या बाजूंनी ते टोचायचं. पाच वर्षांनी, इंजेक्शन दिलेल्या बायकांपैकी ८६.६ टक्के आजारमुक्त होत्या, न दिलेल्यांत ८२.६ टक्के. जगण्याचं प्रमाण ९०.१ आणि ८६.४ टक्के. २०२३ साली हे प्रसिद्ध झालं. औषध शंभर रुपयांच्या आतलं. मुंबईत निघालेली एवढी स्वस्त गोष्ट आपल्या गावोगावच्या ऑपरेशन थिएटरात पोचावी असं मला मनापासून वाटतं. तुमचं ऑपरेशन कुठेही असो, सर्जनला याबद्दल विचारा.

काखेच्या गाठी स्वच्छ निघाल्या. ऑपरेशननंतर दुसऱ्याच दिवशी हात हलवायला लावला. भिंतीवर बोटं चढवत न्यायची, खांदा गोल फिरवायचा, असे व्यायाम शिकवले. दुखतं म्हणून पुष्कळ जणी हात पोटाशी धरून बसतात आणि मग खांदा आखडतो. दंडाच्या आतल्या बाजूला मला अजून बधिर लागतं, ते राहू शकतं हे आधी सांगितलेलं होतं. उजव्या हाताला सलाईन किंवा बीपीचा पट्टा शक्यतो लावू देत नाही.

गाठीचा पूर्ण रिपोर्ट आला त्यात ग्रेड तीन होता, म्हणजे पेशी जोरात वाढणाऱ्या. त्यावरून केमो ठरली. काही हार्मोन पॉझिटिव्ह पेशंटना केमोचा फायदा होत नाही, ते ओळखायला जनुकांच्या तपासण्या निघाल्या आहेत, परदेशातली ऑन्कोटाइप आणि बंगळूरची कॅनअसिस्ट. पण त्या महाग आहेत, आणि माझा ग्रेड, गाठीचा आकार आणि पन्नाशीच्या आतलं वय बघता केमो द्यावीच असं डॉक्टरांचं मत पडलं. ती घराजवळ घेतली तरी चालेल म्हणाले आणि पूर्ण वेळापत्रक लिहून दिलं. त्यामुळे दर वेळी मुंबई गाठावी लागली नाही. टाटाच्या कागदावर आपल्या जवळ उपचार घेता येतात, हे फार थोड्यांना माहीत असतं.

केस गेले, ते जाणारच होते. मला जड गेली ती बोटं. केमोच्या दुसऱ्या टप्प्यातलं पॅक्लिटॅक्सेल नावाचं औषध सुरू झाल्यावर बोटांच्या टोकांना मुंग्या आल्या आणि मग स्पर्श कमी झाला. टाचणी धरली आहे की नाही ते बघितल्याशिवाय कळेना. सुईत दोरा ओवायला मुलीला हाक मारावी लागायची. हूक लावताना बोटाला टोचलं तरी रक्त दिसल्यावर समजायचं. हे असंच असतं म्हणून मी गप्प बसणार होते, पण फाईलवर शिवणकाम लिहिलेलं होतं आणि टाटात दाखवायला गेल्यावर डॉक्टरांनीच विचारलं, "बोटं कशी आहेत?" त्यांनी डोस कमी करून दिला. मुंग्या हळूहळू उतरल्या. ज्यांचं काम बोटांचं आहे, शिवणाऱ्या, टाइप करणाऱ्या, तबला-पेटी वाजवणाऱ्या, त्यांनी हे पहिल्या दिवसापासून डॉक्टरांच्या कानावर घालावं. वेळेत सांगितलं तर बदल करता येतो, फार उशीर झाला तर बधिरपणा राहू शकतो.

रेडिएशन पूर्वी पाच-सहा आठवडे चालायचं. आता बहुतेकींना तीन आठवड्यांत १५ वेळा देतात, काही ठिकाणी पाच वेळांतही उरकतात. प्रत्यक्ष वेळ काही मिनिटांचा, दुखत नाही. शेवटी शेवटी कातडी काळवंडते आणि घामाने चुरचुरते. तेव्हा सुती, सैल, तार नसलेलं काहीतरी घाला. मी मलमलचं अस्तर लावून मुंढा मोठा ठेवलेला, पुढे हुकांचा सैल ब्लाऊज शिवला होता. आता उजवी बाजू किंचित लहान आहे. त्या बाजूचा टक्स थोडा कमी खोल घेते आणि अस्तराच्या आत पातळ पॅड बसवते, वरून कुणाला कळत नाही. ऑपरेशन झालेल्या बायका आता माझ्याकडे असे ब्लाऊज शिवायला येतात.

या दिवसांत आम्ही दादरला संत गाडगे महाराज मिशनच्या धर्मशाळेत राहिलो. कॅन्सरच्या पेशंटसाठीच ती चालवतात, हॉस्पिटलची फाईल दाखवावी लागते. तिथल्या जिन्यात संध्याकाळी बायका बसायच्या आणि कुणाचं काय चाललंय ते एकमेकींना सांगायच्या. जळगावची एक, नांदेडची एक. माझ्या निम्म्या शंकांची उत्तरं मला त्या जिन्यात मिळाली. परळला नाना पालकर स्मृती समितीचं रुग्ण सेवा सदनही आहे. जागा लगेच मिळेल असं धरून चालू नका, निघण्याआधी चौकशी करा.

आता रोज टॅमॉक्सिफेनची २० मिलिग्रॅमची एक गोळी. निदान पाच वर्षं, काहींना दहा. पाळी कायमची थांबलेल्यांना बहुधा लेट्रोझोलसारखी दुसरी गोळी देतात, तिच्यात हाडं सांभाळावी लागतात. टॅमॉक्सिफेनमध्ये अंगातून वाफा निघाल्यासारखं होतं, रात्री घाम येतो. पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं तर लगेच दाखवायचं. गोळी स्वस्त आहे, म्हणून ती बिनमहत्त्वाची समजून सोडणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. बरं वाटतंय म्हणून सोडायची गोळी नाही ही.

खर्चाचं सांगायचं तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेची मर्यादा आता वर्षाला कुटुंबामागे ५ लाख रुपये आहे. रेशनकार्ड आणि आधार मूळ प्रतींसह न्या, नावांची स्पेलिंग दोन्हींवर सारखी आहेत का ते घरीच बघा, आणि उपचार सुरू होण्याआधीच समाजसेवा विभागात जा. नंतर गेलात तर झालेला खर्च योजनेत बसवणं अवघड होतं.

एक गोष्ट या ओपीडीच्या बाहेरची, पण टाटाचीच. मुंबईच्या वस्त्यांमध्ये त्यांनी दीड लाखाहून जास्त बायकांवर वीस वर्षं अभ्यास केला. प्रशिक्षण दिलेल्या साध्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने स्तन तपासायचे. २०२१ साली निकाल आला : पन्नाशीपुढच्या बायकांत स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. मशीन नसलेल्या आमच्यासारख्या भागात हे होऊ शकतं. माप घ्यायला आलेल्या चाळिशीपुढच्या प्रत्येक बाईला मी आता हे सांगते, आणि उपकेंद्रातल्या सिस्टरकडून तपासून घ्यायला पाठवते.

कराड-साताऱ्याकडून जाणाऱ्यांसाठी : रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस सकाळी दादरला सोडते, तिथून परळ जवळच आहे. सोबत स्लाइड, ब्लॉक, मॅमोग्राफीच्या फिल्म आणि सीडी, आधीचे सगळे कागद, चालू औषधांच्या चिठ्ठ्या. प्रश्न वहीत लिहून न्या, समोर बसल्यावर आठवत नाहीत. मी लिहिलेले हे होते : स्तन राखता येईल का, काखेतलं किती काढणार, ईआर-पीआर-हर-टू काय आहे, केमो कशासाठी आणि नाही घेतली तर काय, घराजवळ काय काय घेता येईल. आणि तुम्ही काम काय करता ते त्यांनी विचारलं नाही तरी सांगा.